नागीण: फोडांची चिकित्सा वेगळी, मागे राहणाऱ्या ठणक्याची वेगळी

अंगावर नागीण उठली की आपल्याकडे डॉक्टरच्या आधी तीन गोष्टी हजर होतात: उगाळलेली काव, दूर्वा-तांदळाचा लेप आणि नागीण उतरवून देणारा कुणीतरी. फोड दोन-चार आठवड्यांत तसेही वाळतात, त्यामुळे श्रेय तिघांपैकी कुणालाही देता येते. पंचाईत पुढे होते. खपल्या पडून जातात, कातडी साफ दिसू लागते, पण बरगडीवर सदरा टेकला तरी जीव कासावीस होतो आणि रात्र रात्र झोप नाही. अशा वेळी घरात तेच थंड लेप आणि तेच कडू काढे नेटाने चालू ठेवले जातात, आणि ठणका हटत नाही, उलट वाढतो.

आयुर्वेदाच्या दृष्टीने हे दोन वेगळे टप्पे आहेत. पहिला पित्त आणि रक्ताचा, दुसरा वाताचा. पहिल्यात थंड, कडू, तुरट उपाय लागतात. दुसऱ्यात कोमट, स्निग्ध, पोषण करणारे. एकाचे औषध दुसऱ्यात दिले तर ते नुसते वाया जात नाही, त्रासही देते.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, क्षुद्ररोगांमध्ये ‘कक्षा’ नावाचा विकार येतो: दंड, बरगड्या, खांदा आणि काख या भागांत काळसर, दुखणारे फोड, कारण पित्तप्रकोप. चरकसंहितेत श्वयथूच्या (सुजेच्या) अध्यायात कक्षेचे फोड जानव्यासारखे येतात असे म्हटले आहे, आणि तिथे कारण म्हणून पित्त व वात दोन्ही सांगितले आहेत. आम्हाला रुग्ण बघताना चरकाची मांडणी जास्त उपयोगी वाटते, कारण फोड गेल्यावर जे उरते ते वाताचेच असते. चिकित्सेचा धागा मात्र सुश्रुताकडे स्पष्ट सापडतो: कक्षेवर पित्तज विसर्पाचे (आग होत झपाट्याने पसरणाऱ्या त्वचाविकाराचे) उपचार करा आणि फोड पिकले की मधुर द्रव्यांनी सिद्ध केलेल्या तुपाने ते भरून आणा. म्हणूनच विसर्पाच्या अध्यायातले लेप, काढे, तुपे वैद्य नागिणीला वापरतात.

आधुनिक वैद्यकाचे म्हणणे याच्या आड येत नाही. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या नसांच्या गाठींत दडून राहतो आणि वय, आजारपण, स्टिरॉइड किंवा कर्करोगावरची औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या नसेच्या मार्गाने कातडीकडे येतो. म्हणून फोडांचा पट्टा एकाच बाजूला, कण्यापासून पोटाकडे किंवा छातीकडे येतो आणि मध्यरेषेवर थांबतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, ही समजूत याच कारणाने बहुतेकांना भीतीपुरतीच लागू पडते. ती दोन टोके जुळतच नाहीत. पण तिच्यात एक कण खरा आहे. पुरळ दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरले, तर प्रतिकारशक्ती फारच खालावली आहे असे समजावे आणि रुग्णालय गाठावे.

सूज मुळात नसेत असते, म्हणून दुखणे फोडांच्या दोन-चार दिवस आधी सुरू होते. छातीवर असेल तर हृदयविकाराची शंका येते, कमरेत असेल तर मुतखड्याची. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होते आहे आणि कातडीला नुसता हात लावला तरी दुखते आहे, असे असेल तर दोन दिवस रोज आरशात पाठ बघावी.

पहिले ७२ तास

पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हाव्यात. मोठ्या माणसाला साधारणपणे ॲसिक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा किंवा व्हॅलासिक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम तीन वेळा, सात दिवस देतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात. नवे फोड येतच असतील तर ७२ तास उलटल्यावरही गोळ्यांना अर्थ आहे. या गोळ्यांनी पुरळ लवकर आटोक्यात येते, पुढचा ठणका हमखास टळतोच असे नाही. तरीही ही संधी लेपावर घालवू नये. आधी आठवडाभर घरचे बघू, असे म्हणणाऱ्या वैद्याकडेही जाऊ नये. गोळ्या आणि काढा एकत्र चालतात. मध्ये तासाभराचे अंतर ठेवावे, पाणी भरपूर प्यावे आणि डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही एकमेकांच्या औषधाची कल्पना द्यावी.

कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची नस एकच, म्हणून शेंड्यावरचा एवढासा फोडही डोळ्याला धोक्याची सूचना असतो. कानात फोड येऊन तोंड वाकडे झाले, माकडहाडाजवळच्या नागिणीत लघवी अडली, तापाबरोबर मान ताठली किंवा बरळणे सुरू झाले, तर तिथे लेप आणि काढ्याचा विचारच करू नये. गरोदर बाई, एचआयव्ही असलेला किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण यांनीही थेट डॉक्टर गाठावा. आणि फोडांवर खपली धरेपर्यंत, कांजिण्या न झालेली मुले व गरोदर बायका यांना रुग्णापासून लांब ठेवावे. त्यांना नागीण होत नाही, कांजिण्या होतात.

फोड असेपर्यंत: धावन आणि लेप

सुरुवात धुण्यापासून. पंचवल्कल म्हणजे वड, उंबर, पिंपळ, पायर आणि पारोसा पिंपळ यांच्या साली. बाजारात भरड तयार मिळते. ५० ग्रॅम भरड ८०० मिलिलिटर पाण्यात, झाकण न ठेवता, मध्यम आचेवर २०० मिलिलिटर उरेपर्यंत आटवावी. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाच्या दुहेरी घडीतून गाळून पूर्ण थंड करावी. गॉजची घडी त्यात भिजवून, हलकी पिळून, फोडांवर दहा-पंधरा मिनिटे ठेवावी, दिवसातून दोन-तीनदा. घासायचे नाही. यात चुका दोनच होतात, पण त्या जवळपास सगळ्यांच्या होतात. एक म्हणजे गॉज अंगावरच वाळू देणे: मग ती चिकटते आणि काढताना फोडाचे टोपण घेऊन येते. दुसरी म्हणजे सकाळचा काढा रात्री वापरणे. उन्हाळ्यात तो संध्याकाळपर्यंत आंबतो. चुकून गॉज चिकटलीच तर ओढू नये, तिच्यावर तोच काढा ओतत राहावे, सुटते.

फोड सुईने फोडायचे नाहीत. ते टोपण ही जखमेची सर्वांत चांगली पट्टी आहे.

लेपांमध्ये पहिले नाव दशांग लेपाचे: शिरीष, ज्येष्ठमध, तगर, रक्तचंदन, वेलदोडा, जटामांसी, हळद, दारुहळद, कोष्ठ आणि वाळा. शारंगधरसंहितेत तो चूर्णाच्या पाचव्या हिश्श्याइतके तूप घालून पाण्यात कालवायला सांगितला आहे. म्हणजे २० ग्रॅम चूर्णाला ४ ग्रॅम, जेमतेम चहाचा चमचाभर तूप. बहुतेक घरी तूप गाळूनच लेप केला जातो आणि मग तो कातडी ओढतो म्हणून तक्रार येते. न फुटलेल्या फोडांवर आणि भोवतालच्या लाल, आग होणाऱ्या भागावर हा लेप ठीक. फुटून ओल्या झालेल्या जागी चूर्ण घालू नये, ते आत बसते आणि खपलीखाली पू धरतो.

लेप कसा लावावा याबद्दल चरकाने विसर्पाच्या अध्यायात जे लिहिले आहे ते इतके बारीक आहे की ते बाजूला ठेवून नुसती द्रव्यांची यादी पाठ करण्यात काही अर्थ नाही. लेपाची जाडी अंगठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, म्हणजे साधारण अर्धा सेंटिमीटर. फार तुपकट नको, कोरडा नको, गोळा नको, पातळही नको. पातळ आणि तुपकट लेप कातडीला धरत नाही, त्यामुळे दोषही शमत नाही. पातळ थर दिला तर तो लगेच वाळतो, पापुद्रे सुटतात, आणि औषधाचा रस आजारापर्यंत पोचण्याआधीच सुकून जातो. कापडावरून लेप लावला तर खाली घाम धरतो, घामाच्या पुळ्या येतात आणि खाज सुटते. जुन्या लेपावर नवा लेप चढवला तरी तेच. शिळा लेप लावायचा नाही, एकदा काढलेला लेप पुन्हा कालवून लावायचा नाही, कारण तो उष्णता धरून ओल आणि शूळ वाढवतो.

हे सगळे आजही जसेच्या तसे दिसते. लेप थंड ठेवणारा आहे तो ओला असेपर्यंतच. पाणी उडते तेव्हा गारवा लागतो. वाळला की तोच लेप उष्णता कोंडतो आणि आकसताना दुखऱ्या कातडीला ताण देतो. म्हणून लेप कडेने वाळू लागला की काढावा, पूर्ण वाळण्याची वाट पाहू नये. हवामानाप्रमाणे वीस ते चाळीस मिनिटे. काढताना खरवडायचा नाही, थंड काढ्याने भिजवून सोडवायचा. रात्री लेप लावून झोपू नये. लेपाने बरे वाटण्याऐवजी अधिक आग झाल्याची तक्रार आली की आधी विचारावे, किती वेळ ठेवला होता. बहुतेकदा उत्तर तिथेच मिळते.

रात्रीसाठी शतधौत घृत. गाईचे शुद्ध तूप २०० ग्रॅम घ्यावे, पातळ केलेले नाही, थिजलेले. तांब्याच्या रुंद, बिनकल्हईच्या आणि लखलखीत घासलेल्या परातीत तूप घालून त्याच्या बरोबरीने थंड पाणी घालावे आणि तांब्याच्या भांड्याच्या बुडाने किंवा तळहाताने गोल फिरवत दोन-तीन मिनिटे घोटावे. पाणी ओतून टाकावे, नवे घालावे. असे शंभर वेळा. एका बैठकीत होत नाही, दोन-तीन जणांनी वाटून घ्यावे लागते. विसाव्या-पंचविसाव्या पाण्यापर्यंत तूप दाणेदार आणि पिवळसर राहते, मग रवा मोडतो, पुढे पांढरे, गुळगुळीत, हलके होते आणि तुपाचा वास जातो. शेवटी वजन वाढलेले दिसते कारण पाणी आत धरले जाते, तोच गारवा. बिघडते ते तीन ठिकाणी. कोमट पाण्याने तूप वितळून वाहून जाते. तूप करपलेले असेल तर पांढरे होत नाही. आणि धुणे अर्धवट सोडून परात रात्रभर तशीच ठेवली तर हिरवी झाक येते. ते तूप फेकून द्यावे, जखमेला लावू नये. पाणी आत असल्यामुळे ते साध्या तुपासारखे टिकत नाही. उकळत्या पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, दोन-तीन आठवडे. खवट वास आला की संपले. बोटे बरणीत घालायची नाहीत, चमच्याने काढायचे. फोड वाळत आलेले आणि भोवतालची आग यांवर पातळ थर पुरतो. पू असलेल्या जखमेवर तुपाचा थर देऊ नये.

दूर्वांचा घरगुती लेप मुळात वाईट नाही. चरकाने याच अध्यायात दूर्वांच्या रसात सिद्ध केलेले तूप व्रण भरायला सांगितले आहे. अडचण दूर्वा कुठून आणल्या याची आहे: रस्त्याकडेच्या, कुत्र्या-मांजरांच्या वाटेवरच्या दूर्वा वाटून उघड्या फोडांवर लावल्या जातात. तूप करायचे असेल तर चांगल्या धुतलेल्या दूर्वांचा गाळलेला रस ४०० मिलिलिटर, तूप १०० ग्रॅम, दूर्वांचाच वाटलेला कल्क १२ ग्रॅम, मंद आचेवर. वर येणारा फेस शांत झाला आणि कल्काची वात ज्योतीवर धरल्यावर तडतडली नाही की तूप झाले. तडतड म्हणजे पाणी उरले आहे, असे तूप आठवड्यात बुरसते. खपल्या धरल्यावर लावायला हे शतधौत घृतापेक्षा बरे.

काव मात्र आम्ही लावू देत नाही. शोधन केलेला गेरू आणि रांगोळीच्या दुकानातली काव एक नव्हे. दुकानातली काव नुसती माती आहे आणि तिच्यात काय मिसळले आहे कुणालाच माहीत नसते. शिवाय फोडांचा रंग झाकला जातो, त्यामुळे आत पू धरतोय की सुकतेय ते डॉक्टरला दिसत नाही. शाईने नागाचे चित्र काढणे, चुना, टूथपेस्ट, बॅटरीची पूड, तंबाखूचे पाणी: सगळ्यांनी कातडी भाजते आणि तो डाग नागिणीपेक्षा जास्त टिकतो.

पोटातले औषध आणि पानातले अन्न

पहिल्या दोन-तीन दिवसांत ताप, तोंडाला चव नाही, जिभेवर पांढरा थर असेल तर ती साम अवस्था आहे, म्हणजे पचन मंदावून अंगात न पचलेला आम साचला आहे. तेव्हा औषधी तूप पाजू नये, जड खाऊ घालू नये. मुगाचे कढण, जुन्या तांदळाची पेज, लाह्यांचे पाणी एवढ्यावर ठेवावे. या टप्प्यात आमची पसंती पटोलकटुरोहिण्यादी कषायाला: कडू पडवळ, कुटकी, चंदन, गुळवेल, पहाडमूळ वगैरे द्रव्यांचा. तयार काढा १५ मिलिलिटर, ४५ मिलिलिटर कोमट पाण्यात, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. कुटकीमुळे शौचाला पातळ होते. दिवसातून दोनदा झाले तर ठीक, चार-पाच वेळा झाले तर मात्रा निम्मी करावी, कारण वयस्क माणूस त्याने गळतो आणि पुढचा वात तिथेच पेरला जातो. जीभ स्वच्छ होऊन भूक लागली की महातिक्तक घृत, सकाळी रिकाम्या पोटी ५ ते १० मिलिलिटर, वर गरम पाणी. आग फारच असेल तर वैद्य प्रवाळपिष्टी किंवा कामदुधा देतात. ती स्वतः आणून खाण्याची औषधे नव्हेत.

गुळवेल म्हणजे निर्धोक असेही धरून चालू नये. कोविडच्या काळात महिनोन्‌महिने काढे पिणाऱ्यांत यकृताला सूज आल्याची प्रकरणे मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती. त्यावर आयुष मंत्रालयाने दिसायला सारख्या दुसऱ्या वेलीची शंका व्यक्त केली. वाद काहीही असो, कुंपणावरून तोडलेल्या वेलीपेक्षा ओळखीच्या औषधशाळेची गुळवेल घ्यावी आणि आधीच यकृताचा किंवा स्वप्रतिकार (ऑटोइम्यून) विकार असेल तर घेऊच नये.

पथ्य फार लांबवण्याची गरज नाही. चरकाने विसर्पात जळजळ करणारे आणि विरुद्ध अन्न, दिवसा झोप, राग, व्यायाम, ऊन, आगीची धग आणि वाऱ्याचा झोत वर्ज्य सांगितले आहेत. आपल्या स्वयंपाकघरात त्याचा अर्थ: ठेचा, लोणचे, पापड, दही, इडली-डोसा, कुळथाचे पिठले, सुकट बंद; पडवळ, दुधी, मुगाचे वरण, भात, डाळिंब, मनुका, आवळा चालू. चुलीपुढे किंवा गॅससमोर तासन्‌तास उभे राहणाऱ्या बाईला त्या दोन आठवड्यांत स्वयंपाकातून सुटी देणे हे अर्धे औषध आहे, आणि तेच सर्वांत कमी घरांत पाळले जाते.

जळवा

विसर्पात सगळे उपचार एका पारड्यात आणि रक्तमोक्षण, म्हणजे दूषित रक्त काढणे, दुसऱ्यात, इतके वजन चरकाने रक्तमोक्षणाला दिले आहे. नागिणीत ते जळवांनी करतात. फोडांच्या पट्ट्याच्या कडेला, लाल पण अखंड कातडीवर जळू लावतात, उघड्या जखमेवर नाही. आधी तिला हळदीच्या पाण्यात सोडून तरतरीत करतात, मग स्वच्छ पाण्यात. ती न धरल्यास सुईने रक्ताचा थेंब काढतात. अर्ध्या-पाऊण तासात भरून ती आपणहून सुटते. ओढून काढली तर दात आत राहतात. नंतर जखम काही तास झिरपत राहते, कारण जळवेच्या लाळेतले हिरुडिन रक्त गोठू देत नाही. त्यामुळे रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, पंडुरोग, रक्तस्रावाचा विकार किंवा आटोक्याबाहेरचा मधुमेह असेल तर जळू नाही. एका रुग्णाची जळू दुसऱ्याला कधीच नाही. तिच्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंमुळे जखम पिकू शकते, म्हणून दोन दिवस लक्ष ठेवावे लागते. ठणक आणि लाली लगेच उतरल्याचे रुग्ण सांगतात. मागाहूनचे नसेचे दुखणे त्याने टळते का, याला आज ठोस पुरावा नाही.

वळणाची जागा

थंडाकडून उष्णाकडे केव्हा वळायचे, यावर सगळे अवलंबून आहे. तारीख बघू नये, लक्षणे बघावीत. खपल्या पडलेल्या, कुठेही ओल नाही. आग कमी होऊन तिची जागा चमक, टोचणी, विजेच्या झटक्यासारख्या कळेने घेतली. पंख्याचा वारा, गार पाणी नकोसे झाले, उबेने बरे वाटू लागले. संध्याकाळनंतर त्रास वाढतो, पोट साफ होत नाही, तोंड कोरडे पडते, झोप मोडते. यांतली बहुतेक लक्षणे असतील तर वात वर आला आहे: कडू काढे बंद, लेप बंद, कारले आणि कडुनिंबही बंद. कडू रस वात वाढवतो, ही पहिल्या वर्षाला शिकलेली गोष्ट नागिणीत भलेभले विसरतात. रक्त शुद्ध होतेय, चालू द्या, म्हणून तीन-तीन महिने कडू काढा पिणारा रुग्ण वजनाने उतरलेला, बद्धकोष्ठाने हैराण आणि ठणक्याने रडकुंडीला आलेला असतो.

उलटी चूकही तितकीच होते. फोड ओले असतानाच कुणीतरी तेल चोळायला सांगते, शेक देते, योगराज गुग्गुळ हे वातावरचे उष्ण औषध सुरू करते. त्याने दाह भडकतो आणि जखमा पिकतात.

पुरळानंतर ९० दिवस उलटूनही दुखणे राहिले तर आधुनिक वैद्यकात त्याला नागिणीनंतरचे नसदुखणे म्हणून वेगळे नाव देतात. स्निग्ध उपचाराला मात्र ९० दिवस थांबायचे कारण नाही. कातडी भरली की सुरू करता येतो.

मागे राहिलेला ठणका

तेल कोणते, हे आगीवर ठरते. ठणक्यासोबत आग अजून असेल तर क्षीरबला तेल: चिकण्याचा (बला) काढा व कल्क, तिळाचे तेल आणि तेलाइतकेच दूध यांनी सिद्ध केलेले. आग अजिबात नसून खोल, गार ठणका असेल तर महानारायण किंवा धन्वंतरम्. विषगर्भ तेल सांधेदुखीला चालते म्हणून इथे लावू नये. त्यात धोत्रा आणि बचनागासारखी द्रव्ये असतात आणि नव्याने भरलेली कातडी ती सोसत नाही.

लावायचे कसे, हा खरा प्रश्न. ज्या कातडीला कपडा सहन होत नाही तिला मालीश कशी सोसणार? म्हणून आधी पिचू. सुती कापडाची चार पदरी घडी कोमट तेलात भिजवून दुखऱ्या पट्ट्यावर नुसती ठेवायची, वीस ते तीस मिनिटे, थंड होऊ लागली की बदलायची. तेल थेट गॅसवर तापवू नये, वाटी गरम पाण्यात ठेवावी. उष्णता नेहमी दुसऱ्या, निरोगी बाजूला पाहावी: दुखऱ्या भागात एका जागी स्पर्शही आगीसारखा लागतो आणि बोटभर अंतरावर कातडी बधिर असते. गरम पाण्याच्या पिशवीने भाजून घेतलेले रुग्ण याच बधिरपणामुळे येतात. आठवडाभर पिचू झाला की निरोगी कातडीवरून सुरुवात करून रोज थोडे आत सरकत, तळहाताच्या वजनाइतक्याच दाबाने तेल लावावे. नंतर उटणे नाही, खरखरीत टॉवेल नाही. आत सैल, जुना, धुऊन मऊ झालेला सुती सदरा किंवा त्याउलट अंगाला घट्ट बसणारी बंडी. काहींना घासणारा कपडा त्रास देतो, स्थिर दाबाचा त्रास होत नाही.

पोटातून क्षीरबला १०१ आवर्तीचे (१०१ वेळा सिद्ध केलेल्या तेलाचे) ५ ते १० थेंब कोमट दुधात, रात्री. अश्वगंधेचा क्षीरपाक शास्त्रोक्त प्रमाणात ५ ग्रॅम चूर्ण, ४० मिलिलिटर दूध, १६० मिलिलिटर पाणी, पाणी आटून दूध उरेपर्यंत. घरी याच्या दुप्पट-तिप्पट दूध घेतले तरी बिघडत नाही, पण पाणी न घालता नुसत्या दुधात चूर्ण ढवळून प्याले तर ते पचत नाही आणि पोट फुगते. थायरॉइडची औषधे चालू असतील, यकृताचा आजार असेल किंवा गर्भ असेल तर अश्वगंधा वैद्याला विचारल्याशिवाय नको. जेवणात भात-तूप, गरम वरण, दूध, खारीक, लसणाची फोडणी परत आणावी.

तरीही वातावर मुख्य उपचार बस्तीच, म्हणजे गुदमार्गाने औषध आत सोडणे. मात्राबस्ती सोपी असते: साधारण ६० मिलिलिटर कोमट तेल, जेवणानंतर लगेच, डाव्या कुशीवर. हलके जेवण हवे. उपाशीपोटी बस्ती देऊ नये, आणि मळ साचलेला असताना दिली तर तेल लगेच बाहेर येते. काही तास आत राहिले तर काम झाले, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आलेच नाही तरी घाबरण्याचे कारण नसते. सात-आठ दिवसांचा क्रम. जुन्या, हट्टी दुखण्यात वैद्य कडू द्रव्यांनी सिद्ध दुधाची बस्ती देतात. कडू पोटातून चालत नाही पण दूध-तुपात बांधून बस्तीतून चालते, हा त्यातला बारकावा. चेहऱ्यावरच्या नागिणीनंतरच्या कळांना बस्तीच्या जोडीला नस्य: फोड पूर्ण भरल्यावर, सर्दी-ताप नसताना, प्रत्येक नाकपुडीत क्षीरबलाचे दोन थेंब.

सुवर्णयुक्त रसौषधांची (पारा आणि धातूंच्या भस्मांच्या औषधांची), विशेषतः बृहत्‌वातचिंतामणीची, या दुखण्यात खूप जाहिरात चालते. चांगल्या हातात ती उपयोगी पडतात. पण नाव-गाव नसलेल्या पुड्यांत शिसे आणि पारा सापडलेले आहेत, आणि हा आजार ज्या वयात होतो त्या वयात मूत्रपिंडे आधीच थकलेली असतात.

डॉक्टरांनी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन दिले असेल तर बस्ती सुरू केली म्हणून ते एकदम तोडू नये. उतरत्या मात्रेने, त्यांच्याच सांगण्यावरून. या गोळ्यांनी गुंगी येते आणि अश्वगंधा, तगर, जटामांसी ती वाढवतात. सत्तरीच्या माणसाला रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुबा मोडणे हे नागिणीपेक्षा महागात पडते. दोन्ही चालू असतील तर निजतानाची वनस्पती निम्मी करावी.

या टप्प्यावरचे आयुर्वेदातले प्रकाशित काम बहुतेक एकेका रुग्णाच्या नोंदींचे किंवा लहान गटांचे आहे, म्हणून अमुक दिवसांत बरे करतो असे सांगणाऱ्याकडे पैसे देऊ नयेत. फरक पडतोय की नाही हे स्वतःच मोजावे. दर रविवारी डोळे मिटून रुग्णाने बोटाने दुखऱ्या भागाची हद्द दाखवावी, घरच्याने पेनाने रेघ ओढून मोबाईलवर फोटो काढावा. सहसा आधी झोप सुधारते, मग हद्द आकसते, चमका सर्वांत शेवटी जातात. सहा आठवडे तेल आणि एक बस्तीक्रम होऊनही यांतले काहीच हलले नाही, तर वेदनातज्ज्ञाकडे जावे. लिडोकेनची पट्टी, नसेभोवतीचे इंजेक्शन हे पर्याय असतात आणि त्यांच्यासोबत तेल चालू ठेवता येते, फक्त पट्टी लावण्याच्या जागी त्या दिवशी तेल नको, ती चिकटत नाही.